धूळ मोजायचा पंप

३ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. साष्टांग घालायचा तर खोलीत तेवढी जागा नाही. दोन खाटा, एक कपाट आणि दादा, एवढ्यातच ती भरते. तेव्हा हा नमस्कार खाटेवर बसल्या बसल्याच गोड मानून घे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारणार नाहीस, कारण हुकूम तुझाच. आम्हा दोघा भावांत फोन एक, आणि दादा तो स्पीकरवर टाकून मधोमध ठेवतो. मग मी 'सगळं मजेत' याशिवाय काय बोलणार? तू सांगितलंस तसं पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरबाईंना हाताने लिहिलेलं पत्र येतं म्हटल्यावर तिथला शिपाई काय समजायचं ते समजेल, ते तुझं तू निस्तर.

बातमी अशी की आमच्या कारखान्यात सरकार आलं होतं. म्हणजे कामगार आरोग्य खात्याच्या तपासणीच्या बाई. उंचीने बेताच्या, पण बॅग एवढी मोठी की आधी बॅग आत आली आणि मग बाई. मालकांनी घाईघाईने खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसली. बाई खुर्चीकडे न बघता त्या रुमालाकडेच बघत राहिल्या. तुला माहीतच आहे, आम्ही ओट्यांसाठी जो कृत्रिम दगड कापतो त्याची धूळ मैद्यासारखी बारीक. संध्याकाळी आम्ही सगळे एकमेकांचे आजोबा दिसतो.

आता नवा कायदा आलाय म्हणे. ही धूळ छातीत जाऊन बसते आणि फुप्फुसं दगडासारखी घट्ट होतात. त्यामुळे हवेत ती किती आहे हे सरकार मोजणार, आणि जास्त निघाली तर मालकांना पाणी मारत कापणारी, धूळ उडू न देणारी यंत्रं घ्यावी लागणार. मोजायला एक छोटा पंप असतो. तो कमरेला बांधायचा, त्याची नळी खांद्यावरून पुढे आणायची, आणि कॉलरपाशी एक डबी अडकवायची. त्या डबीत गाळणीचा कागद असतो. उद्या बाई तो पंप दादाला बांधणार आहेत, कारण कडा कोरड्या घासायचं काम त्याचं, आणि सगळ्यात जास्त धूळ तोच उडवतो. दादा कालपासून नवरदेवासारखा वागतोय.

त्याची तब्येत चांगली आहे. हवा बदललीय, थोडा खोकला आहे एवढंच.

तुझा धाकटा दीर


१२ फेब्रुवारी

भावजी,

पत्र मिळालं. शिपायाने ते आधी मुख्याध्यापकांना दाखवलं, मग गणिताच्या बाईंना, आणि मग मला. आता सगळी शाळा माझ्याकडे कौतुकाने बघते आहे. दीर आहे म्हणून सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसेना.

'थोडा खोकला आहे एवढंच.' हे 'एवढंच' कुणाला शिकवता? मी रोज सकाळी गाडी भरून मुलं नेते. 'मी नाही ढकललं, तो आपोआप पडला' हे मी आरशात बघून ओळखते, मागे वळावंही लागत नाही. मागच्या सुट्टीत तुमचा दादा घरी आला तेव्हा जिन्यात मध्येच खाली वाकला. म्हटलं काय झालं? म्हणे, बुटाची नाडी सुटली. पायात चपला होत्या भावजी! मी काही बोलले नाही, कारण ठकी सोबत होती आणि ती बापाच्या गळ्यात पडायला उतावीळ झाली होती.

तेव्हा आता सरळ विचारते. खोकला कधीपासून आहे? वजन उचलताना दम लागतो का? मी बायको आहे, पोलीस नाही, घाबरू नका. पण खोटं लिहिलंत तर मात्र पोलीस होईन.

आणि त्या बाई येतात हे बरंच झालं. माझ्या ओळखीचं सरकार म्हणजे चौकात शिट्टी वाजवून गाडी बाजूला घ्यायला लावणारं. कुणाच्या छातीत काय जातंय हे विचारायलाही ते येतं, हे मला आत्ताच कळलं. त्यांना म्हणावं, जरा नीट मोजा.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

आधी वाईट ते सांगतो आणि मग चांगलं.

खोकला पावसाळ्यापासून आहे. दम लागतो. मागच्या महिन्यात एका घरी दुसऱ्या मजल्यावर ओटा चढवायचा होता, तर दादा अर्ध्यावर थांबला आणि 'पट्टा सैल झालाय' म्हणून बसून राहिला. पट्टा काही सैल झालेला नव्हता. तुला सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली होती. ती मी आत्ता मोडली, आणि मोडून जरा बरंही वाटलं.

आता चांगलं. निकाल आला! आमच्या हवेत धूळ जवळजवळ नाहीच. सरकारची जी मर्यादा आहे तिच्या पुष्कळ खाली. मालकांनी कागद भिंतीवर लावला, सगळ्यांना मिठाई वाटली, आणि पाण्याच्या यंत्रांचा विचार तूर्त बाजूला ठेवला. आमचे पॉलिशवाले काका म्हणाले, "मग माझ्या नाकातून रोज निघतं ते काय पिठलंय?" पण मालकांनी त्यांना आणखी एक तुकडा दिला आणि विषय मिटला.

दादा तर हवेतच आहे. म्हणाला, "बघ, उगाच घाबरत होतो. धूळच नाही तर खोकला धुळीचा कसा असेल?" मलाही ते पटलं. साधी सर्दी छातीत उतरली असेल, काढाबिढा घेऊन जाईल. आणि तुला सांगतो, बाईंनीसुद्धा त्याचं कौतुक केलं. त्या दिवशी त्यांना आणखी दोन कारखान्यांत जायचं होतं, म्हणून सकाळी पंप बांधून त्या गेल्या आणि संध्याकाळी न्यायला आल्या. पंप हातात घेऊन म्हणाल्या, इतका स्वच्छ परत दिलेला पंप आजवर पाहिला नाही. दादाचा चेहरा तू बघायला हवा होतास.

तेव्हा आता काळजी सोड आणि शिपायाला माझा नमस्कार सांग.

तुझा धाकटा दीर


३ मार्च

भावजी,

तुमचं पत्र वाचून मी आधी देवाचे आभार मानले आणि मग गाडीत बसले. मुलं चढत होती, इंजीन चालू होतं, आणि एकदम माझ्या डोक्यात आलं, स्वच्छ पंप? कसा काय?

तुमच्या दादाचा नुसता रुमाल धुवायला टाकला तर बादलीतलं पाणी दुधासारखं होतं. तुम्ही सगळे एकमेकांचे आजोबा दिसता, हे तुम्हीच लिहिलंय. आणि दिवसभर त्याच माणसाच्या अंगावर असलेलं यंत्र संध्याकाळी दुकानातून आणल्यासारखं परत जातं?

तुमच्या भावाशी मी लग्न केलंय, मला तो माहीत आहे. आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक आहे. सायकलच्या सीटवरचं प्लॅस्टिक सीट फाटलं तरी निघालं नाही. लग्नात मिळालेलं घड्याळ अजून खोक्यात आहे, आणि वेळ बघायची तर तो खोकं उघडतो! अशा माणसाच्या हातात कुणी सरकारी, महागाचं, नाजूक यंत्र दिलं, तर तो त्याचं काय करील?

मी म्हणते ते खोटं निघो. पण त्याला विचारा. आजच विचारा. त्या डबीला त्याने काही गुंडाळलं होतं का?

वहिनी


९ मार्च

वहिनी,

विचारलं.

पातळ प्लॅस्टिकची पिशवी, वरून रबर. सैलसर बांधली होती, म्हणून पंप कुरकुरला नाही. बाईंनी बांधताना सांगितलं होतं की जपून वापरा, आतला कागद फार नाजूक आहे. दादाने जपलं. काम सुरू झालं की पिशवी घालायचा, आणि चहाच्या सुट्टीत सगळी यंत्रं बंद झाली की काढायचा, म्हणजे डबीला जरा मोकळी हवा मिळेल! बाई यायच्या आधी पिशवी खिशात गेली, पंप ओल्या फडक्याने पुसून ठेवला. त्या यंत्राने आमची चहाची सुट्टी मोजली वहिनी, आमचं काम मोजलंच नाही.

मी हसायला लागलो आणि मग एकदम हसू गेलं. दादाला अजून नीट समजलेलं नाही. तो म्हणतो, "सरकारी वस्तू खराब केली असती म्हणजे बरं झालं असतं का?"

पण हे तू कुणाला सांगू नकोस, हात जोडतो. मालक म्हणतील, तुम्ही मुद्दाम केलंत. सरकार म्हणेल, तपासणीत फसवणूक झाली. पलीकडच्या गल्लीतला कारखाना गेल्या वर्षी तपासणीनंतर बंद पडला, तिथली माणसं अजून काम शोधत फिरतायत. आणि दादाचं सगळ्यांसमोर हसं होईल ते वेगळंच. आम्ही तोंडाला फडकं बांधू, खिडक्या उघड्या ठेवू. आपलं आपण बघून घेऊ.

तुझा दीर


१४ मार्च

भावजी,

फडकं बांधू म्हणता. मैद्याहून बारीक धूळ फडक्याला विचारून आत जाते का?

मी तुमच्यावर रागावलेली नाही. कामाची भीती मलाही आहे. तुम्ही दोघं कमावता म्हणून इथलं भाडं, ठकीची शाळा, सगळं चालतं. पण तुमचं पत्र आल्यापासून मला एकच दिसतंय. तुमचा दादा तिथे रोज उभा आहे, भिंतीवर 'धूळ नाही' असा सरकारी कागद आहे, आणि त्या कागदाखाली उभं राहून तो ती धूळ श्वासात घेतोय. आधी निदान संशय तरी होता. आता तोही त्या पिशवीने घालवला. उद्या डॉक्टरकडे गेला तर डॉक्टरही विचारतील, कारखान्यात धूळ आहे का? आणि हा अभिमानाने सांगेल, नाही!

त्या बाईंचा पत्ता मी फोनवरून शोधून काढलाय. पत्रही लिहून ठेवलंय, पाकिटात घातलंय, पण टाकलेलं नाही. कारण मी कळवलं तर ती तक्रार होईल. त्याने स्वतः जाऊन सांगितलं तर ती चूक राहील, आणि चुकीला माणसं हसून सोडून देतात. हसतील तर हसू देत. माझ्या नवऱ्याला लोक हसले तर मी त्यांच्यात सामील होईन, पण तो मला धडधाकट हवाय.

हे पत्र त्याला वाचायला द्या. हो, सगळं. रिमोटचंसुद्धा मीच लिहिलं होतं म्हणून सांगा. आणि त्याला सांगा, मला भीती वाटते. मी असं कधी म्हणत नाही हे त्याला माहीत आहे.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय होतंय हे मलाच कळत नव्हतं. आता बसून सगळं सांगतो.

पत्र दादाला दिलं. त्याने वाचलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने धुतलेला शर्ट घातला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला म्हणाला, "चल, एकट्याने मला नाही जमणार."

बाईंचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, आणि फायलींच्या आड बसलेल्या बाई. दादाने खिशातून ती पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. रबरासकट! म्हणाला, "बाई, तुमच्या डबीला मी ही घातली होती. खराब होऊ नये म्हणून." बाईंनी पिशवी उचलून उजेडात धरली. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी जपा म्हटलं, पण डबी कशासाठी आहे ते सांगितलंच नाही. ती खराब व्हायलाच पाहिजे होती हो. तिच्यावर बसते तेवढीच धूळ तुमच्या छातीत जात असते." दादा तेव्हा खाली बसला. मला वाटतं, त्याला तेव्हाच खरं समजलं.

ओरडा नाही, दंड नाही. जुना निकाल त्यांनी तिथल्या तिथे रद्द केला. पुढच्या आठवड्यात न सांगता आल्या, तिघांना पंप बांधले, आणि या वेळी दिवसभर स्वतः तिथेच उभ्या राहिल्या. दादा मधूनमधून सवयीने डबीवर हात धरायचा आणि बाई लांबूनच "हात खाली!" म्हणायच्या. पॉलिशवाल्या काकांनी तर मुद्दाम धुळीत जाऊन उभं राहायचा प्रयत्न केला. त्यांनाही ओरडा बसला.

निकाल आलाय. मर्यादेच्या कितीतरी पट! इतकी वाईट बातमी मी इतक्या आनंदाने कधी कुणाला कळवली नव्हती. त्याच दिवशी कोरडी कटाई बंद. ग्राइंडरना सरकारी सील. पाण्याची यंत्रं आणि धूळ ओढून घेणारे पंखे बसेपर्यंत काम सुरू करायचं नाही, आणि तोवर कुणाला कामावरून काढायचं नाही, पगार चालू ठेवायचा, असं कायद्यातच आहे. पलीकडच्या गल्लीत तपासणी झाली तेव्हा हा कायदा नव्हता, हे बाईंनी सांगितलं. मालक दोन दिवस तोंड फुगवून बसले. मग बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही रोज इथेच बसता ना? तुमची छाती कधी तपासली?" तेव्हापासून ते यंत्रवाल्याला दिवसातून चारदा फोन करतायत.

आणि सगळ्यांची छातीची तपासणी सरकारी खर्चाने. माझी झाली, मी ठणठणीत आहे. काकांच्या छातीच्या फोटोत मात्र डाग निघालेत. त्यांना आता धुळीत जायचं नाही. भरपाई मिळेल, आणि ओट्यांची मापं घेण्याचं काम देणार आहेत. ते म्हणाले, "चला, निदान बसून तरी खाता येईल." पण घरी जाताना ते आमच्याबरोबर आले नाहीत, एकटेच गेले.

दादाचा साधा फोटो स्पष्ट आला नाही. डॉक्टरांनी मोठ्या मशीनवरचा फोटो काढायला सांगितलाय, आणि नळीत जोरात फुंकर मारायची तपासणी पुन्हा करायला. त्यात तो पहिल्या फटक्यात कमी पडला. पुढच्या आठवड्यात समजेल. मी तुला खोटं लिहिणार नाही, मला भीती वाटतेय.

तुझा धाकटा दीर


११ एप्रिल

भावजी,

आज सकाळी मी गाडी शाळेच्या फाटकावरून पुढे नेली. मुलं आनंदाने ओरडायला लागली तेव्हा लक्षात आलं.

निकाल आला की फोन करू नका, पत्र लिहा. फोनवर मला नीट ऐकू येणार नाही. नाही, फोनच करा. चांगला असो वाईट असो, लगेच करा, मी गाडी बाजूला घेईन. आणि तो स्पीकरवर टाका. तुमच्या दादाला म्हणावं, या वेळी मधोमधच ठेव.

काकांना माझा नमस्कार सांगा. काय लिहावं त्यांना ते सुचत नाही.

वहिनी


२ जून

भावजी,

निकालाच्या त्या फोनवर मी काय बोलले ते मला आठवत नाही. ठकी म्हणते, मी आधी 'काय?' असं म्हटलं, मग पुन्हा 'काय?', आणि मग डॉक्टरांनाच फोन द्या म्हणून हट्ट धरला. बिचाऱ्या डॉक्टरांनी मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. डाग नाहीत. श्वासनळ्या धुळीने सुजल्यात, त्या औषधाने उतरतील. यापुढे धूळ नको, आणि दर वर्षी तपासणी, तीही सरकारी खर्चाने. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, तुमचं भलं होवो. मग गाडीतच रडले. मुलं इतकी गप्प बसली की मीच घाबरले.

तुमचा दादा इथे येऊन आता तीन आठवडे झालेत. डॉक्टरांनी दिलेलं तोंडात फवारा मारायचं औषध तो सकाळ-संध्याकाळ घेतो. त्या फवाऱ्याला त्याने काहीही गुंडाळलेलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. तुमची पाण्याची यंत्रं बसली की परत येईल, कडा घासायच्या नाहीत, यंत्रावर बसायचं, असं तुमच्या मालकांनी कबूल केलंय असं म्हणतो. त्या बाईंचंही पत्र आलं होतं त्याच्या नावाने, त्याने दिलेल्या शाळेच्याच पत्त्यावर, पुढच्या तपासणीची तारीख कळवायला. शिपायाने या खेपेला ते आधी कुणाला दाखवलं नाही. वर शिक्का होता ना!

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. हे तुम्हालाच सांगू शकते.

मागच्या सुट्टीत तो आला होता तेव्हा आमचं एकदाही धड भांडण झालं नाही. मी सुरू करायची, तो दोन वाक्यं बोलायचा, आणि मग हात हलवून खाली बसायचा. जाऊ दे म्हणायचा. मला किती बरं वाटलं होतं सांगू? म्हटलं, वय झालं, समजूतदार झाला, बायकोचं ऐकायला शिकला. शेजारणीला सांगितलं मी कौतुकाने! भावजी, तो समजूतदार झाला नव्हता. त्याला पुढचं वाक्य बोलायला दम पुरत नव्हता.

काल आमचं भांडण झालं. खिडकीच्या पडद्यावरून. मी म्हटलं निळा, तो म्हणाला निळा रंग उडतो, मी म्हटलं तुला काय कळतं, आणि तो जो सुटला! पडद्यावरून माझ्या माहेरावर गेला, माहेरावरून माझ्या गाडी चालवण्यावर, तिथून ठकीच्या मार्कांवर, आणि मग लग्नातल्या कुठल्याशा पाहुण्यावर. उभ्या उभ्या, हात उडवत, कुठेही न थांबता. मी आधी उत्तरं देत होते. मग मला कळलं की तो काय म्हणतोय ते मी ऐकतच नाहीये. मी त्याचा श्वास ऐकत होते.

तो बोलून बोलून संपला आणि माझी पाळी आली म्हणून वाट बघत उभा राहिला. मी म्हटलं, "चुकलं माझं. तू म्हणशील तो पडदा आण."

इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच म्हटलं. तो घाबरला. म्हणाला, "तुला बरं नाहीये का?" आणि माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागला.

वहिनी